आपलं ४५ डिग्री आणि त्यांचं ३३ डिग्री

आमच्या भागातली पोरं आता कमी पैशात बाहेरदेशी फिरायला जाऊन राह्यली, नागपूरहून रेल्वेनं हावडा आणि कोलकात्याहून स्वस्त विमानानं बँकॉक, पाठीवर सात किलोची एकच बॅग, मुक्काम डॉर्मिटरीत. फार चांगली गोष्ट आहे. पण बेत आखताना गर्मीचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असते, "अबे आपण विदर्भाचे, ४५-४६ मध्ये वावरात जातो, त्यांच्या ३३ डिग्रीचं काय घेऊन बसला?" ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याचं नाव दर मे महिन्यात टीव्हीवर येते त्याचा आपल्याला एक अभिमानही आहे. म्हणूनच हे लिहायला घेतलं, कारण या वाक्यात एक मोठी गफलत आहे आणि ती परदेशात, एकटं असताना, महागात पडू शकते.

गफलत अशी की थर्मामीटरचा आकडा म्हणजे शरीराला होणारा त्रास, असं आपण धरून चालतो. शरीराला हवेच्या तापमानाशी तेवढं घेणंदेणं नाही जेवढं एका प्रश्नाशी आहे: माझ्या आतली उष्णता बाहेर जाऊन राहिली की नाही? नुसतं बसलेलं माणूससुद्धा साधारण १०० वॅटचा बल्ब असते, म्हणजे तेवढी उष्णता सतत तयार होते. बॅग घेऊन चढण चढायला लागलं की हाच आकडा ३०० वॅटच्या वर जातो. ही उष्णता बाहेर काढलीच पाहिजे, नाहीतर आतलं ३७ डिग्री वर सरकते आणि ४० च्या पुढे गेलं की मेंदू साथ सोडतो.

हवा कातडीपेक्षा थंड असेल तर थोडी उष्णता अशीच निघून जाते. गर्मीत आपली कातडी साधारण ३५ डिग्रीवर असते, म्हणून ३३ च्या हवेत हा रस्ता जवळपास बंद आणि ४५ च्या हवेत तर उलटा, हवाच आपल्याला तापवते. मग उरतो एकच उपाय, घाम. आणि घामाचं गणित मला आजही थक्क करते. एक ग्रॅम पाणी ३० डिग्रीपासून उकळीपर्यंत तापवायला ७० कॅलरी लागतात, पण तेच एक ग्रॅम कातडीवरून वाफ होऊन उडालं तर साधारण ५८० कॅलरी घेऊन जाते. आठपट! एक लिटर घाम पूर्ण उडाला तर बसलेल्या माणसाची साडेसहा-पावणेसात तासांची सगळी उष्णता बाहेर. यापेक्षा चांगलं कूलिंग मशीन कोणी बनवलेलं नाही.

लंडनच्या चार्ल्स ब्लॅग्डेन नावाच्या डॉक्टरनं १७७५ साली याचा प्रयोग छापला. तो आणि त्याचे मित्र पाण्याच्या उकळबिंदूपेक्षाही जास्त तापवलेल्या कोरड्या खोलीत जाऊन उभे राहिले, सोबत मांसाचा तुकडा ठेवला. मांस शिजलं, माणसं धडधाकट बाहेर आली. त्याच खोलीत उघड्या भांड्यात ठेवलेलं पाणी उकळेना, कारण वरून सतत वाफ निघत होती आणि वाफेसोबत उष्णता जात होती. पाण्यावर तेलाचा थर दिला, वाफ बंद झाली आणि पाणी उकळलं. हा तेलाचा थर लक्षात ठेवा.

आता खरा मुद्दा. घाम येणं वेगळं आणि घाम उडणं वेगळं. कपाळावरून टपकून खाली पडलेला घाम थंडाव्याच्या हिशेबात शून्य, नुसतं पाणी आणि मीठ वाया. घाम उडेल की नाही हे ठरते दोन वाफांच्या दाबातल्या फरकावरून, आणि इथे जरा धीर धरून वाचा. ३५ डिग्रीच्या ओल्या कातडीला लागून असलेल्या हवेत वाफेचा दाब असतो सुमारे ४२ मिलिमीटर पारा. आपल्याकडे मेच्या दुपारी ४५ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर, ४५ डिग्रीला हवा जास्तीत जास्त ७२ मिलिमीटर दाबाची वाफ धरू शकते, त्याचे १५ टक्के म्हणजे जवळपास ११. फरक ४२ वजा ११, म्हणजे ३१. बँकॉकला ३३ डिग्री आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर, ३३ डिग्रीच्या हवेची मर्यादा ३८, त्याचे ६५ टक्के म्हणजे साडेचोवीस, फरक उरला साडेसतरा. म्हणजे घामाला बाहेर ओढणारी ताकद जवळजवळ निम्मी झाली. कातडी तीच, घाम तोच, पण वर हवेनंच ब्लॅग्डेनच्या तेलासारखा अर्धवट थर देऊन टाकला. म्हणून तिथे शर्ट वाळतच नाही, बॅगेखालची पाठ दिवसभर ओली राहते. कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांच्या पायऱ्या चढताना माझ्या कोपरावरून घाम दगडावर टपकत होता आणि अंग मात्र तापलेलंच होतं, हे मी स्वतः अनुभवलंय.

हेच आपल्या घरच्या कूलरमध्ये रोज दिसते. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून हवेत धरलं की पाणी उडून तो जेवढा खाली येतो त्याला ओल्या फडक्याचं तापमान म्हणू. कूलरच्या ताट्यांमधून येणारी हवा फार तर या आकड्यापर्यंत थंड होऊ शकते, त्याखाली नाही. वरच्या ४५ डिग्री, १५ टक्केवाल्या दुपारी हा आकडा २४ च्या आसपास येतो, म्हणून आपल्याकडे कूलर एवढा जोरात चालतो. बँकॉकच्या ३३ डिग्रीला तो साडेसत्तावीस येतो, म्हणजे कूलर लावून मिळणार जेमतेम पाचेक डिग्री आणि वर खोलीभर उमस. जुलैत पाऊस पडल्यावर कूलरनं अंग चिपचिप व्हायला लागते आणि आपण त्यात पाणी टाकणं बंद करतो, ते याच कारणानं. मुंबईच्या नातेवाइकांकडे कूलर का नसतो तेही यातच आलं.

याचा अर्थ आपला उन्हाळा सोपा असा अजिबात घेऊ नका. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये तरुण, निरोगी लोकांना हलकं काम करायला लावून तपासलं. त्याआधी २०१० पासून ओल्या फडक्याचं ३५ डिग्री ही माणसाची शेवटची मर्यादा मानली जायची, पण प्रत्यक्षात दमट हवेत शरीर ३०-३१ लाच हार मानते आणि फार गरम कोरड्या हवेत तर त्याहीपेक्षा बरंच आधी, कारण तिथे हवा घाम उडवायला तयार असते पण शरीर तेवढा घाम बनवूच शकत नाही. म्हणजे दोन्हीकडे अडचण आहे, फक्त जागा वेगळी. आपल्याकडे पाणी कमी पडते, त्यांच्याकडे घाम उडणं कमी पडते. म्हणूनच इथले उपाय तिथे चालत नाहीत, आणि कमी पैशात फिरणाऱ्यासाठी यातून कामाच्या बऱ्याच गोष्टी निघतात.

सगळ्यात पैसे वाचवणारी गोष्ट म्हणजे पंखा. सिडनी विद्यापीठात २०१९ मध्ये झालेल्या प्रयोगात ४० डिग्री आणि ५० टक्के आर्द्रतेत पंख्यानं माणसांच्या शरीराचं तापमान आणि हृदयावरचा ताण कमी झाला, पण ४७ डिग्री आणि १० टक्के आर्द्रतेत तोच पंखा उलटा पडला, अंग आणखी तापलं. कारण सरळ आहे. दमट हवेत कातडीला चिकटून वाफेनं भरलेला हवेचा पातळ थर बसतो, पंखा तो हटवतो आणि घाम उडायला जागा करतो. भट्टीसारख्या कोरड्या हवेत घाम तसाही उडूनच जातो, पंखा फक्त गरम हवा अंगावर मारतो. आपल्याकडे भर दुपारी खिडक्या बंद करून, शेला गुंडाळून बसायची जी पद्धत आहे ती इथे शंभर टक्के बरोबर आहे, पण तिथे खिडकी उघडायची आणि पंखा अंगावर घ्यायचा. तिकडच्या गेस्टहाऊसमध्ये 'फॅन रूम' आणि 'एसी रूम' असे दोन भाव असतात आणि फॅन रूम बरीच स्वस्त असते. पाण्यानं हातपाय, मान ओली करून पंख्याखाली झोपलात तर ती बहुतेक रात्री पुरते. खोली घेण्याआधी पंखा चालवून बघा आणि समोरासमोर हवा खेळते का तेही बघा. दर तीन-चार दिवसांनी एक रात्र एसीत काढली तर शरीराला विसावा मिळतो, तिथे कंजूषी करू नका.

दुसरं, मोबाईलच्या हवामानात तापमानाऐवजी दवबिंदू पाहायची सवय लावा, म्हणजे हवा किती डिग्रीपर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागते तो आकडा. आर्द्रतेचे टक्के सकाळ-दुपार नाचतात, दवबिंदू मात्र हवेत खरोखर किती वाफ आहे ते सांगतो. आपल्या त्या मेच्या दुपारी तो १२ च्या आसपास, बँकॉकच्या त्या दुपारी २५ च्या वर. २४ च्या वर दिसला की चालायचं, चढायचं काम सकाळी दहाच्या आत उरका.

सीझनचं म्हणाल तर थायलंड, कंबोडियाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला, एप्रिल सगळ्यात वाईट. श्रीलंकेत दोन पावसाळे आहेत, मे ते सप्टेंबर नैऋत्य किनारा भिजतो आणि डिसेंबर-जानेवारीत त्रिंकोमालीकडची बाजू, त्यामुळे एका बाजूला पाऊस असला तर बस पकडून दुसऱ्या बाजूला जाता येते. फार जिवावर आलं तर उंचावर चढा. दर हजार मीटरला साडेसहा डिग्रीच्या आसपास फरक पडतो, श्रीलंकेतलं नुवारा एलिया १,८०० मीटरच्या वर आहे, व्हिएतनाममधलं दा लात १,५०० च्या आसपास, आणि दोन्हीकडे साध्या बसनं जाता येते.

पण डिसेंबरमध्ये जाण्यात एक छुपी अडचण आहे. शरीराला गर्मीची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात रक्तातलं पाणी वाढते, घाम लवकर सुरू होतो, त्यातलं मीठ कमी होते. ही सवय काही आठवड्यांत उतरूनही जाते. म्हणजे मे महिन्यात कमावलेली विदर्भाची तयारी डिसेंबरच्या शेकोटीजवळ बसेपर्यंत संपलेली असते, आणि तुम्ही कोऱ्या शरीरानं तिथे उतरता. पहिले चार-पाच दिवस म्हणूनच हळू घ्या, ट्रेक वगैरे शेवटी ठेवा.

कपडे थोडक्यात: जीन्स घरी ठेवा. आपल्याकडचा जाड सुती शर्ट इथे तासाभरात वाळतो, तिथे रात्रभर दोरीवर ओला राहतो, आणि ओला कपडा घालून फिरलं की जांघेत नायटा आणि पाठीवर घामोळ्या ठरलेल्या. पातळ, सैल, रात्रीतून वाळणारे दोन-तीन जोड पुरतात.

आता कांद्याबद्दल बोलतोच. नवतपा आला की खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही, असं अजूनही सुशिक्षित लोक सांगतात, आणि परदेशी जाणाऱ्या पोराच्या बॅगेत आई प्रेमानं कांदा टाकते. खिशातला कांदा घाम उडवत नाही, पाणी देत नाही, मीठ देत नाही, तो काहीच करत नाही. वाईट हे की त्याच्या भरवशावर माणूस उन्हात जास्त वेळ थांबतो. कैरीचं पन्हं मात्र खरंच कामाचं, कारण त्यात पाणी, मीठ आणि गोड तिन्ही आहे. आतड्याच्या पेशींमध्ये साखर आणि मिठातलं सोडियम एकाच दारातून आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जाते, ओआरएसचं सगळं शास्त्र हेच. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच्याच जोरावर कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांवर उपचार केले. आशाताईंकडे मिळते ते साधं पाकीट एक लिटर पाण्यात, बास. त्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, हे प्रमाण मोजून ठरवलेलं आहे. चकचकीत डब्यातल्या गोड ज्यूसवर 'ओआरएस' लिहून विकणं एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०२५ मध्ये बंद करायला लावलं ते योग्यच झालं, जास्त साखरेनं जुलाब उलट वाढतात. सात-आठ पाकिटं बॅगेत टाका, पोट बिघडलं तरी तीच कामी येतात. आणि नुसतं साधं पाणीच लिटरवर लिटर ढोसू नका, रक्तातलं सोडियम खाली गेलं तर तेही धोक्याचं. बीपी, किडनीचा त्रास असेल तर किती मीठ चालेल हे निघण्याआधी डॉक्टरला विचारा.

शेवटी सोबत्याकडे लक्ष ठेवायचं. दमट देशात ऊन लागायला ऊन लागतच नाही, सावलीत, बिनएसीच्या बंद बसमध्येसुद्धा लागते. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे आले की तिथेच थांबा, सावली, पाणी, पंखा. पण माणूस बरळायला लागला, तोल गेला, नाव सांगता येईना तर त्याला पाजत बसू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कपडे ढिले करा, मिळेल त्या पाण्यानं सगळं अंग ओलं करा, पुठ्ठा, टॉवेल जे असेल त्यानं जोरात वारा घाला आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. थायलंडमध्ये १६६९, व्हिएतनाममध्ये ११५, श्रीलंकेत १९९०, आणि श्रीलंकेतली ही सेवा फुकट आहे. हे नंबर मोबाईलमध्येच नाही तर कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, कारण घामानं ओल्या बोटांना स्क्रीन नेमक्या वेळी दाद देत नाही.