राष्ट्रांचे वतन: स्तोत्र 2 आणि स्तोत्र 82

राष्ट्रे वतन म्हणून मिळण्याचे अभिवचन म्हटले की बहुतेकांना बायबलमधील दुसऱ्या स्तोत्राचे आठवे वचन आठवते, आणि प्रवचनांत त्याच्या शेजारी ब्याऐंशीव्या स्तोत्राचे आठवे वचन, ज्यात देव सर्व राष्ट्रे वतन म्हणून घेईल असे म्हटले आहे, जणू त्याचाच पुनरुच्चार असल्याप्रमाणे ठेवले जाते. ही जोडणी चुकीची आहे.

दुसरे स्तोत्र परिचयाचे आहे: राष्ट्रे खवळतात, परमेश्वर यरुशलेमातील सियोन डोंगरावर आपला राजा स्थापतो, त्याला पुत्र म्हणतो आणि त्याने मागितल्यास राष्ट्रे देऊ करतो. 2 शमुवेल 7 मधील दावीदाच्या घराण्याविषयीचे वचन यामागे आहे, आणि नव्या करारात हे स्तोत्र येशूला लावले आहे.

खरा फरक घेणाऱ्याचा आहे. ब्याऐंशीव्या स्तोत्रात वतन राजाला मिळत नाही, तर स्वतः देव ते घेतो, आणि त्याला ते देणारा वर कोणीच नाही. ईश्वरी सभेत उभा राहून तो इतर ‘देवांना’ दुबळ्यांचा व पोरक्यांचा न्याय न केल्याबद्दल जाब विचारतो आणि ते माणसांप्रमाणे मरतील असे सुनावतो. त्यानंतरच स्तोत्रकर्ता त्याला उठून पृथ्वीचा न्याय करण्याची विनंती करतो. हे ‘देव’ म्हणजे मानवी न्यायाधीश, हा जुना अर्थ मला पटत नाही, कारण माणसांना माणसांप्रमाणे मरण्याची शिक्षा सुनावण्यात काहीच अर्थ उरत नाही. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात (32:8-9) परात्पर, म्हणजे सर्वोच्च देव, राष्ट्रांची वाटणी करतो आणि याकोब, म्हणजे इस्राएल, परमेश्वराच्या वाट्याला येतो; मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे सापडलेल्या प्राचीन प्रतीत ही वाटणी ‘देवपुत्रांच्या’ संख्येप्रमाणे झाली आहे, तर परंपरागत हिब्रू पाठात ‘इस्राएलपुत्रांच्या’. कुमरानचा पाठ धरला, आणि मी तोच धरतो, तर ब्याऐंशीव्या स्तोत्राच्या शेवटी ती वाटणीच मोडते: ज्या देवपुत्रांकडे राष्ट्रे सोपवली होती ते नालायक ठरले, म्हणून देव सर्व राष्ट्रे स्वतःकडे घेतो.

म्हणूनच ब्याऐंशीव्या स्तोत्राच्या आधारे एखादा देश ‘आपल्याला दिला आहे’ असे घोषित करणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. तेथे प्रार्थना करणारा स्वतःसाठी एक वीतभर जमीनही मागत नाही.