"तब्येत कशी आहे?" एवढ्याशा प्रश्नामागचा इतिहास

अमेरिकेतल्या टीनएजर मुलांबद्दल कधी वाचायला मिळतं की बाहेरून आलेल्या घरांतली मुलं जास्त निरोगी असतात, आणि कधी वाचायला मिळतं की तीच मुलं स्वतःची तब्येत कमी चांगली सांगतात. दोन्ही खरं असू शकतं, पण ते कसं हे समजायला थोडं मागे जायला लागतं.

सर्व्हेत प्रश्न एकच असतो, एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे, आणि उत्तरं पाच, उत्तम, खूप चांगली, चांगली, ठीकठाक, वाईट. बस. सुरुवातीला बऱ्याच जणांना वाटायचं की एवढ्यावरून काय कळणार, पण १९८२ मधे कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या पासष्टीपुढच्या लोकांचा अभ्यास छापून आला आणि त्यात दिसलं की ज्यांनी आपली तब्येत वाईट सांगितली ते पुढच्या काही वर्षांत जास्त प्रमाणात गेले, डॉक्टरांकडच्या नोंदींतले आजार हिशेबात धरूनसुद्धा. तिथून हा प्रश्न सगळीकडे विचारला जायला लागला.

त्याच १९८२ साली इंग्लंड, फिनलंड आणि नॉर्वेच्या संशोधकांनी शाळकरी मुलांचा सर्व्हे सुरू केला, आज तो ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांमधे बऱ्याच देशांत दर चार वर्षांनी होतो, आणि त्यात मुली मुलांपेक्षा स्वतःची तब्येत कमी चांगली सांगतात हे परत परत दिसलंय. या वयात आजार फार नसतात, त्यामुळे उत्तरात झोप, शाळेचं टेन्शन, आरशात काय दिसतं, घरात काय चाललंय हे सगळं येतं.

अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने देशानुसार असलेला जुना कोटा गेला, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतून कुटुंबं आली, आणि नव्वदीपर्यंत त्यांची मुलं शाळांमधे भरपूर दिसायला लागली. मग १९९४-९५ ला 'ॲड हेल्थ' हा मोठा अभ्यास सुरू झाला, सातवी ते बारावीच्या जवळपास २०,००० मुलांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या, आणि चिनी, क्यूबन, पोर्तोरिकन मुलं मुद्दाम जास्त घेतली कारण नाहीतर ती इतकी थोडी येतात की काही बोलताच येत नाही. त्यात दिसलं की स्वतः परदेशात जन्मलेल्या मुलांना तक्रारी कमी, आणि पिढी बदलत गेली तशा त्या वाढत गेल्या. मोठ्यांच्या बाबतीत असंच कोडं १९८६ मधेच मांडलं गेलं होतं, की मेक्सिकन वंशाचे लोक गरीब असूनही आयुर्मानात गोऱ्यांच्या जवळपास आहेत.

पण स्वतःला मार्क द्यायची वेळ आली की गणित फिरतं, आणि यात भाषेचा वाटा मोठा आहे. स्पॅनिश फॉर्ममधे 'फेअर'चं 'रेगुलार' केलं जातं, इंग्रजीत 'फेअर' जरा खालचं वाटतं आणि 'रेगुलार' म्हणजे आपलं नेहमीसारखं, बरं चाललंय, त्यामुळे स्पॅनिशमधे उत्तर देणारे आजारी नसतानाही खालच्या गटात जाऊन पडतात. आपल्या 'बरी आहे'चं काय होईल बघा, ते पाचातल्या कुठल्या खणात टाकायचं?

दुसरी गोष्ट म्हणजे तुलना कोणाशी. अमर्त्य सेन यांनी २००२ मधे दाखवलं होतं की केरळमधे लोक सगळ्यात जास्त जगतात आणि आजारपणाच्या तक्रारीही तिथेच जास्त, बिहारमधे उलट. जिथे शिक्षण आणि दवाखाना आहे तिथे माणसाला त्रास ओळखता येतो. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण नुकती आलेली मुलगी मनात गावाकडच्या चुलत भावंडांशी तुलना करत असेल आणि अमेरिकेतच जन्मलेली तिची बहीण वर्गातल्या मैत्रिणींशी, मग एकाच घरात दोन उत्तरं येतात.

आपल्या मुलांचं तर वेगळंच, १९७० च्या अमेरिकन जनगणनेत भारतीय लोक 'गोरे' म्हणून मोजले गेले, १९८० ला 'एशियन इंडियन' हा वेगळा खण आला, पण आरोग्याच्या कित्येक तक्त्यांत ते अजून नुसते 'एशियन' असतात, म्हणजे न्यू जर्सीतल्या मराठी इंजिनिअरची मुलगी आणि लाओसहून निर्वासित म्हणून आलेल्या ह्मोंग कुटुंबातला मुलगा यांची सरासरी एकत्रच काढली जाते.