गांजा कुणाला झेपेल, हे जनुक सांगत नाही
जनुकचाचणी करा, गांजा झेपेल की त्याने मनोविकृती (वास्तवाचं भान सुटणं) येईल ते कळेल, असा दावा अधूनमधून वाचायला मिळतो. त्यात ज्या जनुकाचं नाव हमखास घेतलं जातं ते 22व्या गुणसूत्रावरचं कॉम्ट. जनुक खरं आहे, दावा खोटा आहे.

डोपामाइन हे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन. त्याचं काम झालं की ते हटवावं लागतं. मेंदूच्या खोल भागात त्याला परत पेशीत ओढणारे पंप भरपूर असतात. कपाळामागच्या भागात मात्र ते फार कमी, म्हणून तिथे या जनुकापासून बनणाऱ्या कॉम्ट याच नावाच्या विकराला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) बरंच काम पडतं. हा विकर डोपामाइनला मिथाइल गट जोडून निकामी करतो. जनुकातलं एक अक्षर बदललं की विकराच्या साखळीत 158व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन बसतं. असा विकर शरीराच्या तापमानाला कमी टिकतो, त्याचा वेग मंदावतो आणि डोपामाइन जास्त वेळ रेंगाळतं. आकडे ऐकून उलट्या क्रमाने सांगायचे असतील, तर ते तेवढा वेळ मनात धरून ठेवावे लागतात. ही कार्यकारी स्मृती याच भागावर अवलंबून असते आणि स्किझोफ्रेनियात (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजारात) तीच बरेचदा लंगडी पडते. डोपामाइन कमी पडलं तर ती विस्कटते, अति झालं तरी विस्कटते. मधला पट्टा अरुंद आहे. म्हणून ‘चांगलं रूप’ आणि ‘वाईट रूप’ ही भाषाच चुकीची.

2001 साली बदलत्या नियमाने पत्ते लावण्याच्या चाचणीत माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी सुमारे 4 टक्के फरक या बदलाशी जोडला गेला. उरलेल्या 96 टक्क्यांचं काय, हे दावा करणारे सांगत नाहीत. 2005 मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधल्या पाहणीत किशोरवयात गांजा ओढणाऱ्या, आई-वडिलांकडून आलेल्या या जनुकाच्या दोन्ही प्रती व्हॅलिनवाल्या असलेल्यांत मनोविकृतीचा धोका जास्त दिसला. पुढच्या अभ्यासांत तो निष्कर्ष टिकला नाही. मूळ पाहणीत 1037 मुलं होती. त्यांचे जनुकरूपाप्रमाणे तीन गट पाडायचे, त्यांतून गांजावाले वेगळे काढायचे, मग आजारी पडलेले शोधायचे. हाती मोजकीच माणसं उरतात. 2022 पर्यंत स्किझोफ्रेनियाशी निगडित 287 जागा जनुकसंचात सापडल्या, प्रत्येकीचा वाटा बहुधा अगदी थोडा.

काही पाहण्यांत स्मृती-विचारांच्या चाचण्यांत गांजा ओढणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे गुण न ओढणाऱ्यांपेक्षा बरे येतात. यावरून गांजा बुद्धी वाढवतो असं मुळीच ठरत नाही. ज्यांचा आजाराचा जनुकीय भार मुळात कमी, त्यांना गांजाने आजाराकडे ढकललं असावं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

अशा रुग्णाच्या स्मृतीची चाचणी घेताना गांजाचं शेवटचं सेवन कधी झालं ते विचारायलाच हवं. तंबाखूचंही विचारावं. सिगारेटच्या धुरातली डांबरी द्रव्यं यकृतातला एक विकर वाढवतात आणि क्लोझापीन, ओलान्झापीन ही या आजारावरची औषधं रक्तातून लवकर संपतात. सिगारेट सुटली की काही दिवसांत त्याच गोळीची रक्तातली पातळी चढते, रुग्ण गुंगतो आणि आजार वाढला असं वाटतं. निकोटिनच्या पट्टीने हा विकर वाढत नाही, त्यामुळे धूर सोडून पट्टी लावली तरी पातळी चढतेच. सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगितलं, तर मात्रा वेळेवर कमी करता येते.