ओरिएंटेशन, रिफ्रेशर आणि प्लेसमेंटची फाईल : प्राध्यापकांच्या ट्रेनिंगची पार्श्वभूमी

सध्या नागपुरात कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममधे दुपारी जाऊन बसा, कोपऱ्यात एक ना एक जण कानात इयरफोन टाकून लॅपटॉपसमोर असतोच, कॅमेरा बंद, माईक म्यूट, समोर वहीऐवजी तपासायचे पेपर. 'सर, लेक्चर घेताय का' विचारलं का उत्तर येतं, 'नाही हो, ऐकतोय.' ऑनलाईन रिफ्रेशर, म्हणजे नोकरीतल्या प्राध्यापकांसाठीचा ट्रेनिंग कोर्स, चालू असतो. नवीन पोरं विचारतात का हे नेमकं कशासाठी आणि आलं कुठून, म्हणून हे लिहितोय. यात नव्वदनंतरचं जास्त येईल कारण तेच मी स्वतः भोगलंय, त्याआधीचं वाचलेलं आणि सिनियर लोकांकडून ऐकलेलं.

फार मागं जाण्यात अर्थ नाही. आपलं विद्यापीठ १९२३ चं, त्याआधी इथली कॉलेजं आधी कलकत्त्याला आणि मग अलाहाबादला जोडलेली, आणि त्या सगळ्या काळात कॉलेजातल्या माणसाला शिकवायचं कसं हे कोणी शिकवावं लागतं ही कल्पनाच नव्हती. शाळेच्या मास्तरला बीटी नाहीतर बीएड लागायचं, कॉलेजच्या सरांना एमए पुरे. आजही तसंच आहे म्हणा, फक्त एमएच्या जोडीला नेट-सेट नाहीतर पीएचडी आली. १९६४-६६ च्या शिक्षण आयोगानं पहिल्यांदा नीट लिहिलं का नव्या व्याख्यात्याला ओरिएंटेशन द्या, आणि मोठ्या विद्यापीठांमधे त्यासाठी कायमची स्टाफ कॉलेजं काढा. स्टाफ कॉलेज हा शब्द तिथला. पण प्रत्यक्षात यायला वीसएक वर्षं गेली.

मधल्या काळात काहीच नव्हतं असं नाही. साठच्या दशकात सायन्सवाल्यांसाठी उन्हाळी संस्था भरायच्या, त्यात अमेरिकन मदतही होती. मग सत्तरच्या दशकात कॉलेजांमधलं विज्ञान सुधारायला एक योजना, मानव्य आणि समाजशास्त्रं सुधारायला दुसरी, आणि त्याच सुमारास एफआयपी. या एफआयपीवर जरा थांबतो कारण इथं आजकाल फार गोंधळ होतो.

जुनी एफआयपी म्हणजे फॅकल्टी इम्प्रूव्हमेंट प्रोग्राम. यात शिक्षकाला एमफिल-पीएचडीसाठी पगारी सुट्टी मिळायची, आणि त्याच्या जागी जो सबस्टिट्यूट यायचा त्याचा पगार विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसी द्यायची. 'सर एफआयपीवर गेले' म्हणजे सर दोन-तीन वर्षं कॉलेजात दिसणार नाहीत, आणि परत येतील तेव्हा नावामागं डॉक्टर लागलेलं असेल. त्या सबस्टिट्यूटच्या जागेवर विदर्भातल्या कित्येक लोकांची पहिली नोकरी झाली. नवी एफआयपी म्हणजे फॅकल्टी इंडक्शन प्रोग्राम, २०१९ नंतरचा, साधारण महिन्याभराचा, जो जुन्या ओरिएंटेशनच्या जागी आला. अक्षरं तीच, गोष्ट पूर्ण वेगळी. एकात माणूस सुट्टी घेऊन संशोधन करायचा, दुसऱ्यात नोकरीला लागल्याबरोबर नोकरी कशी करायची ते ऐकतो. त्यात एफडीपी (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम) हा तिसरा शब्द, जो काय वाटेल त्याला लावतात, पाच दिवसांच्या ऑनलाईन भाषणमालेलाही. कोणाच्या सेवापुस्तकात 'एफआयपी पूर्ण' एवढंच लिहिलं असेल तर वर्ष पाहिल्याशिवाय कळत नाही का हा माणूस डॉक्टर होऊन आला का तीस दिवस झूमवर बसून आला.

आता मुख्य वळण. १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, आणि त्याच सुमारास चौथ्या वेतन आयोगाच्या वेळची प्राध्यापकांची नवी वेतनश्रेणी आली, ज्यासाठी १९८७ मधे देशभर संपही झाला. त्या वेतनश्रेणीची पत्रं दोन, जून १९८७ चं आणि जुलै १९८८ चं. या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या आणि माझ्या मते सगळा घोळ तिथंच झाला. धोरण म्हणत होतं शिक्षकांना ट्रेनिंग द्या, म्हणून १९८७ पासून ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, वाढत वाढत ६६ झाली, नागपूरलाही झालं. आणि वेतनश्रेणीचं पत्र म्हणत होतं का आठ वर्षांनी सिनियर स्केल, सोळा वर्षांनी सिलेक्शन ग्रेड, पण ट्रेनिंग झालेलं असेल तर. म्हणजे जन्मापासूनच ट्रेनिंग पगाराच्या शिडीला बांधलेलं. शिकायला म्हणून कोणी गेलंच नाही असं नाही म्हणत मी, पण रिलिव्हिंग लेटर मागताना प्राचार्यांना जे कारण सांगायचं ते एकच, 'सर, प्लेसमेंट ड्यू आहे.'

(प्लेसमेंट म्हणजे पोरांची कॅम्पस प्लेसमेंट नव्हे. सरकारी मराठीत स्थाननिश्चिती, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत बसवणं. कॉलेजात नवीन आलेल्या क्लार्कला हे दरवेळी समजावून सांगावं लागतं.)

पाचव्या वेतन आयोगाच्या वेळच्या नियमांनी हे आणखी पक्कं केलं. सिनियर स्केलला सहा वर्षं, एमफिल असेल तर पाच, पीएचडी असेल तर चार, त्यात एक ओरिएंटेशन, एक रिफ्रेशर, पुढच्या टप्प्याला आणखी रिफ्रेशर, पीएचडीवाल्याला एकाची सूट. ओरिएंटेशन चार आठवड्यांचं, रविवार सोडून २४ दिवस, रोज सहा तास म्हणजे १४४ तास. रिफ्रेशर तीन आठवड्यांचा, १८ दिवस, १०८ तास. आमची बॅच मे महिन्यातली होती, कारण सुट्टीशिवाय कॉलेज सोडतच नव्हतं. पारा ४५ च्या वर, कूलरच्या आवाजात मागच्या बाकावर काही ऐकू यायचं नाही, गोंदिया गडचिरोली यवतमाळहून आलेले लोक एका खोलीत, सकाळी तर्री-पोहे, दुपारी जेवणानंतरच्या लेक्चरला अर्धी बॅच डुलक्या घेणार. भाषणं बहुतेक विसरलो. पण शेवटच्या आठवड्यात एकमेकांसमोर वीस-वीस मिनिटं शिकवून दाखवायचं होतं, आणि तेव्हा भूगोलाच्या एका मॅडमनी मला सांगितलं का तुम्ही बोर्डाकडं तोंड करून बोलता, ते माझ्या आठ वर्षांच्या नोकरीत कोणीच सांगितलं नव्हतं. ते एक वाक्य त्या महिन्याचं खरं ट्रेनिंग. आणि संध्याकाळी फुटाळा तलावावरच्या गप्पा, त्यातून पुढं तीन जणांनी मिळून एक पुस्तकही लिहिलं.

आता ज्या मुद्द्यावरून लोकांची झोप उडाली तो. जागा कमी, शिक्षक जास्त. एका बॅचला चाळीसएक लोक, आणि नंबर लागायला वर्ष-दोन वर्षं. कॉलेजात दोनच जण असलेल्या विभागातून एकाला सोडणार कोण? मग माणूस पात्र होतो एका तारखेला आणि रिफ्रेशर पूर्ण होतो दुसऱ्या तारखेला. यूजीसीनं यावर मार्ग काढला तो मुदतवाढीचा, म्हणजे प्लेसमेंट अडवू नका, कोर्स अमुक तारखेपर्यंत केला तरी चालेल. आणि ही मुदत एकदा नाही, कितीतरी वेळा वाढली. आता समजा एक मॅडम जून २००४ ला लागल्या, पीएचडी नाही, तर सहा वर्षांनी जून २०१० ला पात्र. रिफ्रेशर मिळाला मे २०१२ ला, मुदतवाढीच्या आत. तर प्लेसमेंट कोणत्या तारखेपासून? मॅडम म्हणणार जून २०१०, कारण मुदतवाढीचा अर्थच तो. वरचं ऑफिस म्हणणार मे २०१२, कारण अट तेव्हा पूर्ण झाली. दोन वर्षांचा फरक दिसायला लहान वाटतो, पण पुढचा टप्पा दोन वर्षं पुढं, त्यापुढचा आणखी पुढं, शेवटी पेन्शनमधे सुद्धा तोच फरक. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आधी जून २०१० धरून पगाराचं फिक्सेशन झालेलं असायचं आणि मग ऑडिटमधे कोणीतरी लाल शेरा मारायचा, जास्तीचे दिलेले वसूल करा. रिटायरमेंटला सहा महिने राहिलेल्या माणसाला वसुलीची नोटीस येते तेव्हा त्याची काय हालत होते ते मी शेजारच्या टेबलावर बसून पाहिलंय. अशी प्रकरणं हायकोर्टाच्या नागपूर बेंचपर्यंत गेली. सरकारी बाजूचंही एक म्हणणं आहे, का अट म्हणजे अट, उद्या सगळेच म्हणतील नंतर करतो. बरोबर आहे, पण मग जागा द्या ना बाप्पा, ट्रेनिंग देणारे तुम्ही, रांग लावणारे तुम्ही, आणि उशीर झाला म्हणून दंड शिक्षकाला.

यूजीसीच्या २०१० च्या नियमांनी यावर गुणांचं गणित चढवलं. एपीआय, म्हणजे ॲकॅडमिक परफॉर्मन्स इंडिकेटर. दोन आठवड्यांच्या कोर्सला २० गुण, एका आठवड्याला १०. त्यानंतर जे व्हायचं तेच झालं, आठवड्याभराच्या कोर्सेसचं पीक आलं. नॅकच्या (कॉलेजला ग्रेड देणारी संस्था) तपासणीतही विचारतात का तुमच्या किती शिक्षकांनी ट्रेनिंग घेतलं, तुम्ही शिक्षक आणि शिक्षकेतरांसाठी किती कार्यक्रम घेतले, म्हणून प्रत्येक कॉलेज एक तरी वर्कशॉप घेणार, बॅनर, दीपप्रज्वलन, फोटो, फीडबॅक फॉर्म.

मग १८ जुलै २०१८ चे नियम, जे आपल्याकडे ८ मार्च २०१९ च्या जीआरनं सातव्या वेतन आयोगाबरोबर लागू झाले. यात एपीआयचा ताप गेला हे चांगलं झालं. पण दिवसांचं गणित पहा. ओरिएंटेशन २१ दिवसांचं असं लिहिलंय, सेंटर (म्हणजे तेच स्टाफ कॉलेज) मात्र वर्षानुवर्षं २८ दिवसांचं सर्टिफिकेट देत आलेलं. पुढं लिहिलंय 'एक आठवडा (पाच दिवस)', आणि 'दोन आठवडे (दहा दिवस)'. म्हणजे आठवडा पाच दिवसांचा. जुन्या हिशोबात आठवडा सहा दिवसांचा. आणि सर्टिफिकेटवर जर सोमवार ते रविवार अशी तारीख असली तर तो सात दिवसांचा. स्क्रुटिनीला फाईल गेली का कोणी बोटं मोजत बसतो, यात रविवार धरायचा का, मधे पोळ्याची सुट्टी होती ती धरायची का. एका कॅस कॅम्पमधे (प्लेसमेंटच्या फाईली तपासायचा कॅम्प) एका सरांची फाईल एवढ्यासाठी परत आली का सर्टिफिकेटवर 'वन वीक' लिहिलं होतं पण तारखा चारच दिवसांच्या पडत होत्या, आयोजक कॉलेजनी उद्घाटनाचा दिवस मोजलाच नव्हता. पाचव्या दिवसाचं पत्र आणायला सर पार मराठवाड्यात जाऊन आले.

२०२० मधे कोरोना आला आणि सगळंच ऑनलाईन गेलं. पहिल्या लॉकडाऊनमधले वेबिनार आठवतात ना, दिवसाला तीन-तीन, शेवटी गुगल फॉर्म, दहा प्रश्न, लगेच मेलवर रंगीत सर्टिफिकेट. ते बहुतेक प्लेसमेंटला चाललेच नाहीत. पण सेंटरचे महिन्याभराचे कोर्स ऑनलाईन झाले हा मोठा बदल होता, आणि खरं सांगायचं तर लहान पोरं असलेल्या मॅडम लोकांसाठी ते वरदान ठरलं, कारण आधी एकवीस दिवस घर सोडून राहणं जमायचं नाही म्हणून कितीतरी जणींची प्लेसमेंट अडकलेली होती. हे आम्ही जुने लोक ऑफलाईनचं कौतुक करताना सोयीस्करपणे विसरतो. गेलं ते वीस मिनिटं एकमेकांसमोर शिकवणं. स्क्रीन शेअर करून पीपीटी वाचणाऱ्याला बोर्डाकडं तोंड आहे का सांगणार कोण.

नावं दरम्यान बदलत राहिली. स्टाफ कॉलेजचं २०१५ मधे एचआरडी सेंटर झालं. २०१४ च्या २५ डिसेंबरला शिक्षकांसाठीचं एक राष्ट्रीय मिशन सुरू झालं होतं, पंडित मदनमोहन मालवीयांच्या नावाचं. मग ५ सप्टेंबर २०२३ ला मालवीय मिशन टीचर ट्रेनिंग प्रोग्राम आला, त्यात १११ सेंटर, १५ लाख शिक्षकांचं टार्गेट, आठ विषय, भारतीय ज्ञान परंपरेपासून आयसीटीपर्यंत, आणि २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाची ओळख करून देणारा दोन आठवड्यांचा कोर्स. इमारत तीच, खुर्च्या त्याच, पाटी मात्र तिसरी.

यात प्राचार्य, कुलगुरू, रजिस्ट्रार कुठं आहेत? जवळपास कुठंच नाहीत. प्राचार्यांसाठी एक-दोन दिवसांच्या बैठका स्टाफ कॉलेजच्या काळापासून होत्या, दिल्लीला काही कोर्स व्हायचे, आणि २०१८ मधे लीप नावाची तीन आठवड्यांची लीडरशिप योजना आली, त्यात दोन आठवडे देशात आणि एक परदेशात, पण ती मोजक्या लोकांसाठी. बाकी आपला प्राचार्य सोमवारी इतिहास शिकवत असतो आणि मंगळवारी त्याच्याकडं ग्रँट, रोस्टर, कोर्टाच्या नोटिसा, होस्टेल आणि संस्थाचालक असं सगळं एकदम येतं, पाच वर्षांसाठी. त्याला शिकवतो कोण? ऑफिस सुपरिटेंडेंट. आणि त्या सुपरिटेंडेंटला कोणी शिकवलं? त्याच्या आधीच्यानं. ऑफिसच्या लोकांचं ट्रेनिंग म्हणजे आपल्याकडं कितीतरी वर्षं एमएस-सीआयटी एवढंच होतं, ते पण नाही केलं तर इन्क्रिमेंट थांबते म्हणून. प्राचार्यपदाला कोर्सची अट पगाराशी जोडलेली नाही, म्हणून कोर्स नाही, इतका साधा हिशोब आहे हा.

आणि सीएचबीवाले, म्हणजे क्लॉक अवर बेसिसवर, तासाच्या पैशांवर शिकवणारे. विदर्भातली अर्धी लेक्चरं आज तेच घेतात असं स्टाफरूममधे बसून तरी वाटतं. २०१७ च्या मे महिन्यात भरती थांबली, नंतर थोडी सुटली, पण जागा रिकाम्याच. इंडक्शन नव्यानं लागलेल्यांसाठी असतं, आणि इथं नव्यानं लागतंच कोण? सीएचबीवाल्यानं कोर्स केला तरी त्याला ना ड्यूटी लीव्ह ना प्लेसमेंट, उलट त्या दिवसांचे तासाचे पैसे बुडतात. आमच्या विभागातली एक पोरगी मागच्या वर्षी स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या वेळात दोन आठवड्यांचा कोर्स करून आली. मी विचारलं काहून केला, फायदा काय? म्हणाली, 'सर, मला मूल्यमापन जमत नव्हतं.' इतक्या वर्षांत हे कारण मी पहिल्यांदा ऐकलं.

२०२५ च्या जानेवारीत यूजीसीनं नव्या नियमांचा मसुदा टाकला. पेपरात चर्चा झाली ती कुलगुरू उद्योगातून आणायचा का नाही याची. आमच्या ग्रुपवर मसुद्याची पीडीएफ येऊन दहा मिनिटं झाली नसतील तोच पहिला मेसेज आला : जुना रिफ्रेशर १८ दिवसांचा होता, तो यात चालेल का?