खेळातील अवधान

प्रत्यक्ष खेळताना खेळाडू आपले लक्ष कोठे, किती व्यापकपणे आणि कोणत्या क्षणी ठेवतो, त्या मानसिक प्रक्रियेला खेळातील अवधान म्हणतात. व्यवहारात तिला सरसकट ‘एकाग्रता’ म्हटले जाते. परंतु तो शब्द अपुरा आहे, कारण मन एका जागी खिळवण्याइतकेच ते वेळेवर दुसरीकडे वळवणेही येथे आवश्यक असते.

अमेरिकी क्रीडामानसशास्त्रज्ञ रॉबर्ट नाइडेफर यांनी १९७६ मध्ये अवधानाचे व्यापक-संकुचित आणि अंतर्मुख-बहिर्मुख असे वर्गीकरण मांडले. फलंदाज क्षेत्ररचना न्याहाळतो तेव्हा त्याचे लक्ष व्यापक व बहिर्मुख असते, फटक्याचा बेत करताना ते आत वळते, आणि गोलंदाज धावू लागला की चेंडू सोडणाऱ्या हातावर येऊन ठरते.

लक्ष स्वतःच्या शरीरावर असावे की हालचालीच्या परिणामावर, हा या विषयातील सर्वांत उद्बोधक प्रश्न होय. गॅब्रिएले वुल्फ व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगचा सराव देणाऱ्या यंत्रावर काही जणांना पायांच्या जोराकडे, तर इतरांना पायांखालच्याच चाकांवर पडणाऱ्या जोराकडे लक्ष देण्यास सांगितले. पाय आणि चाके यांत अंतर जेमतेम काही सेंटिमीटरचे. तरीही चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. अंगवळणी पडलेल्या हालचालीवर जाणीवपूर्वक ताबा ठेवू पाहिल्यास तिची सहजता मोडते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. निर्णायक क्षणी कसलेल्या खेळाडूचा हात आखडतो, त्यामागेही बहुधा हेच कारण असते. दडपणाखाली तो मुरलेली कृती पुन्हा सुटी सुटी करून तपासू लागतो. नवशिक्याला मात्र अशी तपासणी उपयोगी पडू शकते, म्हणून एकच सूचना दोघांनाही देणे योग्य नव्हे.

डोळ्यांच्या हालचालींवरूनही अवधानाचा माग काढता येतो. बास्केटबॉलमधील फ्री थ्रोचा, म्हणजे विनाअडथळा मिळणाऱ्या फेकीचा, अभ्यास करून जोन व्हिकर्स यांनी १९९६ मध्ये दाखवले की, निष्णात खेळाडूंची अखेरची नजर फेकीपूर्वी बास्केटच्या कड्यावर अधिक काळ स्थिर राहते. या स्थिर नजरेचा कालावधी सरावाने वाढवता येतो.

दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत प्रश्न वेगळा असतो, कारण तेथे थकव्याकडे पाहावे की त्यापासून मन दूर न्यावे, हे ठरवावे लागते. विल्यम मॉर्गन व मायकेल पोलॉक यांना १९७७ मध्ये आढळले की, अव्वल मॅरेथॉनपटू श्वास, स्नायूंचा ताण आणि वेग यांची सतत दखल घेत धावतात, तर सामान्य धावपटू वेदना विसरण्यासाठी मन अन्यत्र गुंतवतात.