केळं काळं पडतं, त्यात लोहाचा दोष नाही

‘चिरलेलं केळं काळं पडलं की समजावं, त्यात भरपूर लोह आहे’ हा संदेश गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत फॅमिली ग्रुपवर फिरत असतो. सफरचंदाबद्दल तर बहुतेकांनी हे मानूनच टाकलंय. प्रत्यक्षात शंभर ग्रॅम पिकलेल्या केळ्यात लोह असतं जेमतेम 0.3 मिलिग्रॅम. पालकात त्याच्या कितीतरी पट असतं, पण चिरलेला पालक तासाभरात काळवंडत नाही. घरच्या घरी खात्री करायची तर केळ्याच्या चार चकत्या पाच मिनिटं वाफवा आणि चार तशाच ठेवा. तासाभराने न वाफवलेल्या तपकिरी दिसतील, वाफवलेल्या जवळपास होत्या तशाच. वाफेने लोह काही उडून जात नाही. मग गेलं काय?

गेलं ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम. उष्णतेने ते निकामी झालं. त्याच्या गाभ्यात धातू आहे खरा, पण तो लोह नाही, तांबं. केळ्याच्या पेशीत हे एन्झाइम एका खोलीत असतं आणि ज्यावर ते काम करतं तो पदार्थ दुसऱ्या खोलीत. सुरी फिरली की मधली भिंत पडते, बाहेरून ऑक्सिजन येतो आणि तिघांची गाठ पडते. म्हणून बोथट सुरीने चिरलेलं केळं जास्त लवकर काळं पडतं: पेशी कापल्या जाण्याऐवजी चेंगरतात.

तो दुसरा पदार्थ म्हणजे चक्क डोपामिन. ‘केळं खा, डोपामिन वाढवा, आनंदी राहा’ असं सांगणाऱ्यांनी इतकं लक्षात घ्यावं, की पोटातून रक्तात गेलेलं डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही. डोपामिनच्या रेणूत कार्बनचं एक कडं असतं आणि त्यावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. एन्झाइम त्यांचे हायड्रोजन काढून घेतं आणि क्विनोन तयार होतं. हे क्विनोन भलतं उतावीळ. स्वतःशीच वळून नवं कडं बांधतं, मग अशी कडी एकमेकांना चिकटत मोठी साखळी होते. ती साखळी म्हणजे मेलॅनिन, आपल्या केसांना काळं करणाऱ्या रंगद्रव्याचं भावंड.

लिंबू इथे दोन बाजूंनी काम करतं. आंबटपणामुळे एन्झाइम मंदावतं, आणि क जीवनसत्त्व तयार झालेल्या क्विनोनला हायड्रोजन परत देऊन पुन्हा डोपामिन करून टाकतं. क जीवनसत्त्व संपलं की गाडी पुन्हा सुरू. म्हणजे लिंबाने केळं काळं पडणं थांबत नाही, लांबतं. पाहुणे येईपर्यंत तेवढं पुरतं.

आता बिस्किट, कस्टर्ड आणि केळ्याचं थरांचं पुडिंग. सहा-आठ जणांसाठी 1 लिटर दूध, 60 ग्रॅम कस्टर्ड पावडर, 90 ग्रॅम साखर, तीसेक मारी बिस्किटं आणि डझनभर वेलची केळी. मुंबईत हातगाडीवर हिरव्या सालीचीही मिळतात, पण वेलची केळं घट्ट आणि किंचित आंबूस, थरात लगदा होत नाही. साल पूर्ण पिवळी हवी, ठिपके फार तर दोन-चार. आणलेली केळी फ्रिजमध्ये ठेवू नका. साधारण 13 अंशांच्या खाली पेशींच्या त्याच भिंती गळू लागतात आणि न चिरताच साल काळी पडते.

कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं पांढरं पीठ, म्हणजे कॉर्नफ्लोअर, मक्यातला स्टार्च. 1837 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने अंड्याची अॅलर्जी असलेल्या बायकोसाठी ती काढली. अर्धी वाटी थंड दुधात ती कालवून उकळत्या दुधात धार धरा. मक्याच्या पिठाचे कण 62 ते 72 अंशांत फुगायला लागतात, पण पुरते दाट व्हायला 95 च्या आसपास जावं लागतं. ‘झालं दाट’ म्हणून पहिल्याच बुडबुड्याला गॅस बंद केला, तर पिठाळ चव राहते आणि नंतर पाणी सुटतं. जाड बुडबुडे फुटू लागल्यावर आणखी दोन मिनिटं ढवळा.

अर्ध्या लिंबाच्या रसात दोन चमचे पाणी घालून चकत्या त्यात मिनिटभर घोळवा आणि निथळून घ्या, नाहीतर रसाने कस्टर्ड कणीदार होतं. चकत्यांवर साखर भुरभुरू नका, ती केळ्यातलं पाणी बाहेर ओढते. कस्टर्ड कोमट असतानाच ओता. कढत असेल तर केळं शिजत नाही, नुसतं गळतं. पूर्ण थंड होऊन गोठलं असेल तर ढवळून त्याची घडण मोडते.

वीस सेंटिमीटरच्या काचेच्या भांड्यात तळाला दहा बिस्किटं, वर कस्टर्ड, मग चकत्या, आणि लगेच पुन्हा कस्टर्ड. हाच क्रम तीनदा. हवा कोंडायला कस्टर्डइतकं सोयीचं झाकण नाही. काचेला टेकलेल्या चकत्या मात्र हमखास काळ्या पडतात, कारण तिथे हवेची बारीक फट राहते. त्या बोटभर आत ठेवा. शेवटचा थर कस्टर्डचाच. सजावटीची केळी वाढताना चिरा. सादळलेली बिस्किटं वापरायची वेळ आली तर आधी तव्यावर मंद आंचेवर गरम करून गार होऊ द्या. फ्रिजमध्ये चार तास, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवायचं.

दूध-केळं एकत्र म्हणजे विष, असं सांगणारं कोणी पंगतीत असेल तर त्याला शिकरण-पोळीची आठवण करून द्या.

राहिली उष्ट्या चमच्याची गोष्ट. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम कस्टर्डला दाट करणाऱ्या स्टार्चच्या साखळ्या तोडतं. चाटलेला चमचा एका वाटी कस्टर्डमध्ये फिरवून अर्धा तास ठेवा, पातळ झालेलं दिसेल. दुसऱ्या दिवशी पुडिंगच्या तळाशी पाणी सापडलं, तर केळ्याला बोल लावण्याआधी रात्री फ्रिज कोणी उघडला होता ते विचारा.