सारणीलेखन, जावा भाषेतील

आडव्या ओळी व उभे रकाने अशा मांडणीतली माहिती मजकूर-फाइलीत ओळीओळीने, ठरावीक रुंदीत किंवा ठरावीक विभाजकाने उतरवण्याची पद्धत. जावा या संगणकीय भाषेत अशी सारणी म्हणजे बहुधा ‘ॲरेंचा ॲरे’ (ॲरे म्हणजे क्रमाने ठेवलेल्या मूल्यांची यादी). प्रत्येक ओळ स्वतंत्र ॲरे असल्याने सगळ्या ओळी सारख्याच लांबीच्या असाव्यात असे बंधन नाही. म्हणून आतल्या लूपची (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांची) मर्यादा पहिल्या ओळीवरून न घेता त्या त्या ओळीच्या लांबीवरून घेतात. बाहेरचा लूप ओळींचा, आतला रकान्यांचा, आणि आतला संपला की ओळ मोडायची. ओळ मोडण्याची आज्ञा आतल्या लूपात गेली की प्रत्येक आकडा स्वतंत्र ओळीवर पडतो. पूर्णांकांचा अख्खा ॲरे एकदम छापू पाहिल्यास मजकुराऐवजी दोन चौकोनी कंस, ‘आय’, ॲट चिन्ह आणि एक हॅश-अंक एवढेच उमटते.

या नोंदीत नमुन्यासाठी नाशिक जिल्ह्यातील कांदा बाजारभावाचा तक्ता घेतला आहे. ओळीला एक बाजार समिती (लासलगाव, पिंपळगाव बसवंत, मनमाड) आणि रकाने आवक, किमान, कमाल व सर्वसाधारण दर. आवक क्विंटलमध्ये, दर क्विंटलमागे रुपयांत. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

*उगम.* रुंदी सांगणाऱ्या साचा-वाक्याचा, म्हणजे फॉरमॅट स्ट्रिंगचा, उगम दोन ठिकाणी दाखवला जातो. एक परंपरा फोरट्रानच्या फॉरमॅट विधानाकडे (१९५७ च्या सुमारास) बोट दाखवते. तिथे आकड्याचा प्रकार आणि त्याला दिलेल्या घरांची संख्या एकत्र लिहीत. ८० रकान्यांच्या छिद्रपत्रांवर, म्हणजे पंच कार्डांवर, काम करणाऱ्यांना ही घरांची भाषा सहज सुचण्यासारखी होती. दुसरी परंपरा साठच्या दशकाच्या उत्तरार्धातील बीसीपीएल भाषेच्या ‘राइटएफ’पासून, बी भाषेमार्गे, सीच्या ‘प्रिंटएफ’पर्यंत येते, टक्क्याचे चिन्ह या वाटेने आले. जावापुरता जवळचा पूर्वज वादातीत आहे, कारण सीच्या प्रिंटएफवरून मोठी प्रेरणा घेतल्याचे जावाचे अधिकृत दस्तऐवजच सांगतात. त्याही मागे जायचे तर चिन्ह बीसीपीएलचे आणि घरे मोजण्याचा विचार फोरट्रानचा, हे मत अधिक पटते.

जावात ही सोय आली पाचव्या आवृत्तीत, २००४ साली. त्याआधी ‘डेसिमलफॉरमॅट’ होते, पण ते आकड्याचे रूप ठरवी. रकान्याची रुंदी भरत नसे, म्हणून रिकाम्या जागा लूप लावून हाताने भराव्या लागत. हवी तितकी मूल्ये एका पद्धतीला देता येणे आणि साध्या अंकाचे आपोआप वस्तूत रूपांतर होणे, या दोन्ही गोष्टी त्याच आवृत्तीत आल्या. त्यांच्याशिवाय प्रिंटएफ जावात फार अवघड वाटला असता. सीपेक्षा जावा कडक आहे. दशांश अंकाला ‘टक्का-डी’ हे पूर्णांकाचे चिन्ह दिल्यास सीमध्ये काय होईल याची हमी नाही. जावा तिथल्या तिथे अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी चूक-सूचना) फेकते. रुंदी न सांगता नुसते ‘टक्का-वजा-एस’ (डावीकडे चिकटवायच्या मजकुराचे चिन्ह) लिहिले तरी तेच.

*लेखनाची साधने.* ‘बफर्डरायटर’ व ‘प्रिंटरायटर’ १९९७ च्या १.१ आवृत्तीपासूनचे. बफर, म्हणजे फाइलीत जाण्याआधी मजकूर साठतो ती तात्पुरती जागा, वेगळा आकार न सांगितल्यास सहसा ८,१९२ अक्षरांचा असतो. तक्ता त्याहून लहान असेल आणि फाइल बंद करायची राहिली, तर तयार झालेली फाइल शून्य बाइटची निघते. सातव्या आवृत्तीपासून (२०११) ‘ट्राय’च्या कंसातच फाइल उघडली की ती आपोआप बंद होते. फाइल लूपच्या आत, जोड-पद्धत न सांगता उघडल्यास प्रत्येक फेरीत आधीचा मजकूर पुसला जातो आणि हाती फक्त शेवटची समिती राहते. प्रिंटरायटर लिहिताना आलेली चूक फेकत नाही, गिळतो. डिस्क भरली तर अर्धा तक्ता लिहून कार्यक्रम शांतपणे संपतो. म्हणून शेवटी ‘चेकएरर’ विचारणे भाग आहे.

सर्वांत फसवी चूक ‘राइट’ची. पूर्णांक दिला की राइट तो आकडा लिहीत नाही, त्या क्रमांकाचे युनिकोड अक्षर लिहितो. सर्वसाधारण दर २३२५ असेल तर फाइलीत एकटा ‘क’ उमटतो, कारण देवनागरी क चा क्रमांक नेमका २३२५ आहे. (कांद्याचा क म्हणून सोडून देता येत नाही.) इथे ‘प्रिंट’ वापरावे किंवा अंक आधी स्ट्रिंग करून घ्यावा. याचीच बहीण म्हणजे एकेरी अवतरणातला टॅब. अंकात तो अधिक चिन्हाने मिळवला तर जोडाक्षरासारखा चिकटत नाही, बेरीज होते. टॅबचा क्रमांक ९, म्हणून २३२५ चे २३३४ होतात. ही चूक अधिक वाईट, कारण भाव खरा वाटतो.

*रकान्याची रुंदी.* नावासाठी ‘टक्का-वजा-१६-एस’ म्हणजे डावीकडे चिकटवून किमान १६ घरे; आकड्यासाठी ‘टक्का-८-डी’ म्हणजे उजवीकडे चिकटवून ८ घरे. रुंदी ही किमान मर्यादा आहे. नाव मोठे झाले तर ते कापले जात नाही, पुढचे रकाने सरकतात. कापायचे असल्यास टिंब देऊन कमाल मर्यादा वेगळी सांगावी लागते.

रोमन लिपीत एवढ्याने काम भागते. देवनागरीत भागत नाही, कारण जावा युनिकोडचे सांकेतिक एकक मोजते आणि काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकी वेगळे एकक आहे. ‘लासलगाव’ डोळ्यांना पाच अक्षरांचे, जावाला सातचे. ‘पिंपळगाव बसवंत’ मधल्या जागेसह दहा अक्षरांचे, जावाला १४ चे. ‘मनमाड’ चारचे, जावाला पाचचे. १६ घरांत बसवताना त्यांच्यामागे अनुक्रमे ९, २ आणि ११ रिकाम्या जागा पडतात, म्हणजे दिसायला पुढचा रकाना १४, १२ आणि १५ घरांनंतर सुरू होतो. उपाय असा : ‘ब्रेकइटरेटर’ने अक्षरखंड मोजायचे, १६ मधून वजा करायचे आणि उरलेल्या जागा स्वतः जोडायच्या, त्यासाठी ‘रिपीट’ ११ व्या आवृत्तीपासून आहे. ‘त्र्यंबकेश्वर’सारख्या नावात मात्र जोडाक्षर एक खंड की अनेक याबाबत आवृत्त्यांत एकवाक्यता नाही, युनिकोडने त्याचा नियम १५.१ आवृत्तीत (२०२३) घातला. शिवाय फाँट काना वेगळ्या घरात काढतो की नाही यावरही सरळपणा अवलंबून राहतो. नावाचा रकाना सर्वांत शेवटी ठेवणे, हा साधा मार्ग बहुतेक वेळा पुरतो.

*अंक व स्थानिक रूप.* संगणकाची मांडणी मराठी (भारत) असल्यास नवव्या आवृत्तीपासून ‘टक्का-डी’ देवनागरी अंक लिहितो. ते परत वाचताना पूर्णांकाची पार्स-पद्धत (मजकुरातून अंक काढणारी) चालते, दशांशाची अपवाद फेकते. पुढे यंत्राने वाचायच्या फाइलीसाठी ‘लोकेल.रूट’ (कोणत्याही देश-भाषेशी न बांधलेली मांडणी) स्पष्ट सांगणे इष्ट. स्वल्पविरामाचे चिन्ह दिल्यास गट तीन-तीनचेच पडतात. आवक १,००,००० न येता १००,००० येते.

*सांकेतन व विभाजक.* १८ व्या आवृत्तीपासून (२०२२) यूटीएफ-८ हे न सांगता धरले जाणारे सांकेतन (अक्षरे बाइटांत उतरवण्याची पद्धत) आहे. त्याआधी इंग्रजी विंडोजवर ते न सांगता लिहिलेल्या फाइलीत ‘लासलगाव’च्या जागी प्रश्नचिन्हे येतात, पाच नव्हे, सात. ओळ मोडण्यासाठी ‘टक्का-एन’ त्या त्या प्रणालीचे चिन्ह घेते.

तक्ता एक्सेलमध्ये उघडायचा असेल तर रुंदी सोडून स्वल्पविरामाने वेगळी मूल्ये लिहावीत. मूल्यात स्वल्पविराम असल्यास ते दुहेरी अवतरणात घालतात, नाहीतर १,२०० चे दोन रकाने होतात. देवनागरी नीट दिसावी म्हणून फाइलीच्या आरंभी बाइट-क्रम चिन्ह (बीओएम, सांकेतन ओळखू देणारे न दिसणारे अक्षर) लिहितात. जावा मात्र वाचताना ते काढून टाकत नाही. ते पहिल्या शीर्षकाला अदृश्यपणे चिकटते आणि ‘बाजार समिती’ हा रकाना नावाने शोधला तर सापडत नाही.